सगळेच कागद ताजे

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सतरा कागद होते. त्यातला एक ताजा होता, बाकीचे सोळा जुने. एका रविवारी दिवसभर बसून मी ते सतराच्या सतरा ताजे केले.

चूक एवढीच. ऐकणाऱ्याला ही चूक आहे हेसुद्धा पटकन कळत नाही. मलाही कळली नव्हती. उलट त्या संध्याकाळी मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन, कमरेवर हात ठेवून, नवरी सजवून झाल्यावर बायका लांबून बघतात तसा त्या बोर्डाकडं बघत उभा होतो.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला होता आणि त्याच्या पुढचा उन्हाळा लागला होता. मी बावीस वर्षांचा. मॅट्रिकच्या इंग्रजीत दोनदा बुडून तिसऱ्यांदा काठाला लागलेला, आणि त्या भांडवलावर गावच्या शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीत क्लार्क झालेला. सोसायटी म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. कपाटाची किल्ली चेअरमनच्या कमरेला. चेअरमन अडतीचं दुकान असलेले, घरात कानडी बोलणारे. माझ्याशी कामाचं मराठीत बोलत आणि रागावले की कानडीत शिरत. त्यामुळं त्या नोकरीत मला एकूण किती शिव्या बसल्या याचा नेमका अंदाज मला आजही नाही.

मला दुसरं काही येत नव्हतं, पण अक्षर चांगलं होतं. हे मी नम्रपणे सांगत नाही; त्या वयात माझ्याकडं नम्रता नव्हतीच. शाळेत सुविचार मी लिहायचो. लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते लिहायला लोक मला बोलावायचे आणि जेवायला घालायचे. 'छ' तर मला असा यायचा की मीच काढून मीच बघत बसावं.

नोटीस बोर्ड खोलीच्या बाहेर, रस्त्याकडच्या भिंतीला. मोडक्या दाराची रुंद फळी खिळ्यांनी ठोकलेली. सोसायटीचे कागद त्यावर लागतच, पण तलाठ्याचे, ग्रामपंचायतीचे, बांधकाम खात्याचे आणि तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाचे कागदही तिथंच येत. त्या वर्षी गावाची भाकरी, पाणी आणि वैरण त्या फळीवरूनच यायची. खडी फोडायचं काम कुठल्या रस्त्यावर निघालं, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी रेशनला कधी येणार, टँकर कुठल्या विहिरीत रिकामा होणार, सगळं त्यावर. माझ्याआधीच्या क्लार्कनं एक कागद लवकर काढला म्हणून सभेत मारामारीची पाळी आली होती. तेव्हापासून चेअरमनचा हुकूम होता की विचारल्याशिवाय बोर्डावरचा कागद काढायचा नाही. विचारलं की ते नको म्हणत. म्हणून कागदावर कागद चढत गेले, आणि ती फळी बाभळीच्या खोडासारखी खवल्याखवल्यांची झाली.

गावात वाचता येणारी माणसं थोडी होती. पण ताजा कागद ओळखता येत नाही असा माणूस एकही नव्हता. कागद चिकटवायचा पिठाच्या खळीनं. मैदा कुठला मिळायला. मी घरून मूठभर मिलोचं पीठ आणायचो. आई म्हणायची, "खायला न्हाय आन भिंतीला घालतोस." त्या खळीला तांबूस रंग यायचा. कागद ओला असला की आजचा. माश्या बसल्या असल्या की सकाळचा. वाळून पांढरा असला की कालचा. कोपरा उचलला की परवाचा, आणि भाकरीच्या पापुद्र्यासारखा पिवळा पडला की त्याच्याकडं बघायचं कारणच नाही. कोपरे पुष्कळदा शेळ्या खायच्या, पिठाच्या वासानं. म्हातारी माणसं यायची, अंगठा दाबून बघायची, ओल लागली की त्या कागदावर बोट ठेवायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची, "आरं, एवढा वाच." एवढाच वाचायचा. बाकीचे त्यांनी त्यांच्या त्यांच्या दिवशी ऐकलेले असत.

आता गावाच्या ग्रुपात फोनवर रोज शंभर निरोप येऊन पडतात. ताजा कुठला ते शोधत मी वर जातो, खाली येतो, आणि परवाच्या मयतीला आज निघतो. अंगठ्याला ओल लागत नाही.

तर, शनिवारी एसटीच्या कंडक्टरजवळ तालुक्याच्या संघाचा एक कागद आला. चार ओळींचा. जळकोटच्या बाजूला चिंचेच्या बनात संघानं गुरांची छावणी काढली होती, तिथल्या विहिरीचं पाणी संपलं. ती छावणी बंद. तिथली गुरं तुळजापूरच्या वाटेवर, तलावाखाली हलवली आहेत. नवीन जनावरं मंगळवारपर्यंत तिथंच आणावीत, पुढं घेतली जाणार नाहीत. मी तो कागद शनिवारीच लावला. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं, हे मी पुढं बऱ्याच जणांना सांगून बघितलं.

रविवारी सकाळी चेअरमन आले. "उद्या तालुक्याचे साहेब येणारेत. तो बोर्ड बघ, खरजेचं कुत्रं दिसतंय नुसतं. जरा नीट कर."

"जुने कागद काढू का?"

त्यांनी कानडीत उत्तर दिलं. त्याचा अर्थ मी 'नाही' असा घेतला.

काढायचे तर नाहीत आणि नीट तर करायचं. दुसऱ्या कुणाला कोडं पडलं असतं. मला पडलं नाही. अक्षर चांगलं असलेल्या माणसाला जगातल्या बहुतेक अडचणी पुन्हा सुवाच्य लिहून काढल्या की सुटतात असं वाटत असतं. मी कोरे कागद घेतले, निळी शाई, मथळ्यांना तांबडी, आणि सतरा नोटिसा पहिल्यापासून लिहून काढल्या. तारखांची अडचण आली. बऱ्याच कागदांच्या तारखा शेळ्यांच्या पोटात गेलेल्या, काहींच्या उन्हानं उडालेल्या. मी सगळ्यांखाली त्या दिवसाची तारीख टाकली. शनिवारच्या कागदावर तारीख होती, पण त्या एकट्याचीच वेगळी ठेवली असती तर कवायतीत एकाचीच टोपी वाकडी असल्यासारखं दिसलं असतं. त्याचीही सरळ केली.

मग मांडणी. छावणीची पहिली, महिन्या-दीड महिन्यापूर्वीची नोटीस चांगली ऐसपैस होती. जनावरांना काय काय मिळेल, वैरण किती, सोबत कुणी यायचं, सगळं तिच्यात. मथळाच 'गुरांची छावणी'. त्यात 'छ' होता. ती मी वर, मधोमध लावली, भोवती तांबडी चौकट आखून. बंद झाल्याचा चार ओळींचा कागद नुसता 'सूचना' या मथळ्याचा. त्यात दाखवण्यासारखं अक्षर नव्हतं. देवीच्या लशीच्या कागदाखाली उजव्या कोपऱ्यात थोडी जागा उरली होती, तिथं तो बरोबर बसला.

दिवस कलता कलता एक म्हातारा आला. गावाबाहेर, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर तो आणि त्याची म्हातारी दोघंच राहायची. पोरी दिलेल्या. म्हातारी खडी फोडायला जायची आणि म्हातारा घरी दोन बैल सांभाळायचा. सगळ्या गावानं गुरं विकली किंवा छावणीत घातली, पण हा काही ऐकेना. परक्या हाताखाली जनावर झुरतं, असं त्याचं म्हणणं. आधी गंजीतला कडबा गेला, मग बांधावरच्या बाभळीचा पाला, आणि शेवटी त्यानं छपरावरचं पाचट उपसून बैलांपुढं टाकलं. वस्तीच्या छपरातून त्या दिवसांत आभाळ दिसायचं. आता उपसायलाही काही उरलं नव्हतं, म्हणून तो आला होता. एरवी तो बोर्डापाशी फिरकायचाही नाही.

"राम राम, सोसायटीवाले."

"राम राम आबा. बघा, बोर्ड कसा झालाय!"

त्यानं बघितलं. मग पुढं होऊन एका कागदावर अंगठा दाबला. ओला. दुसऱ्यावर दाबला. तो पण ओला. असा तो वरून खाली, डावीकडून उजवीकडं, हात पोचेल तिथपर्यंत अंगठा लावत गेला. अंगठा खळीनं तांबडा झाला.

"ह्यातला ताजा कुठला म्हनायचा?"

"आज सगळेच ताजे आहेत, आबा!"

"सगळेच?"

"सगळेच. प्रत्येकावर आजची तारीख आहे."

त्यानं अंगठा धोतराला पुसला. "मंग सरकारला बी आता जाग आली म्हनायची," तो म्हणाला. "जनावराचं काय हाय का ह्यात?"

मी हात धुवायला आत गेलो होतो. तेवढ्यात रस्त्यानं पिठाच्या गिरणीवाला चालला होता, त्याला म्हाताऱ्यानं थांबवलं.

"ह्यो काय मोठा," गिरणीवाला म्हणाला. "छावनीचाच हाय की." आणि त्यानं खड्या आवाजात सबंध नोटीस वाचली. जळकोटची बाजू, चिंचेचं बन, जनावरं दाखल करून घेण्यात येत आहेत. मी आत हात धूत ऐकत होतो. एकदाही अडखळला नाही गडी. मला आठवतंय, मी मनात म्हणालो, हा अक्षराचा गुण. त्याच ऐटीत बाहेर येऊन आबाला छावणीसाठी सोसायटीची चिठ्ठीही लिहून दिली.

सोमवारी साहेब आले. ऊन होतं म्हणून ड्रायव्हरनं जीप भिंतीला खेटून, सावलीत लावली. बोर्ड जीपच्या मागं गेला. साहेबांनी चहा घेतला, कपाटाकडं बघितलं, जीपच्या रेडिएटरला पाणी मिळेल का विचारलं, आणि गेले. बोर्ड त्यांनी बघितलाच नाही. मी इतका खट्टू झालो की दुपारी तिथंच पायरीवर बसून राहिलो. गिरणीवाला जेवायला चालला होता.

"काय वो, तोंड का पाडलंय?"

"काही नाही. बोर्ड बघितलाच नाही साहेबांनी."

"सायबानं न्हाय तर न्हाय. आबानं बघितला न्हवं? कामाला आला की तुमचा बोर्ड. दिस उगवायच्या आधीच गेला बैलं घिऊन."

"कुठल्या छावणीला?"

"जळकोटच्या अंगाला. तुमीच लिवलं न्हवं का?"

मी उठलो. चौकटीतली नोटीस बघितली. मग डोळे खाली खाली नेत उजव्या कोपऱ्यात आणले. तिथं लशीच्या खाली माझ्याच अक्षरात, माझ्याच हातानं, छावणी बंद झालेली होती.

शाळेच्या मास्तरांची सायकल मागितली. तिची चेन पडायची. चार कोसांत ती नऊ वेळा पडली. मी मोजत होतो, कारण दुसरा कसला विचार करायची माझी तयारी नव्हती. रस्त्यात एक ट्रक सोडला तर हलणारं काही दिसलं नाही. शेतं भाजलेल्या विटेसारखी. मी एकीकडं आशा धरून होतो की म्हाताऱ्याला वाटेत कुणीतरी सांगितलं असेल. पण वाटेत सांगायला माणूसच नव्हतं, ते मला दिसतच होतं.

चिंचेच्या बनात ओळीनं मेखा रोवलेल्या होत्या. मेखा, वाळलेलं शेण आणि रिकाम्या गव्हाणी. शेवटच्या झाडाखाली म्हातारा बसला होता. कपाळावर चांद असलेला बैल उभा होता. मोडक्या शिंगाचा बसला होता, आणि बसला होता ते रवंथ करायला बसतात तसा नव्हे. मागचे पाय एका अंगाला टाकून.

"आबा," मी म्हणालो.

"या," तो म्हणाला, घरी पाहुणा आल्यासारखं. "हितं कुनीच न्हाय वो. कुटं गेली समदी?"

"छावणी तिकडं नेली. तुळजापूरच्या वाटेला."

"कवा?"

"चार-पाच दिवस झाले. शनिवारी कागद आला होता."

"आन तुमच्या बोर्डावर?"

"तोही लावला होता. खाली... कोपऱ्यात."

त्यानं विहिरीकडं हात केला. मी जाऊन डोकावलो. तळाला चिखल होता आणि त्यात एक फुटकी बादली रुतलेली.

मी सायकल घेऊन सडकेला गेलो. तिथं ट्रकवाल्यांसाठी एक चहाचं हॉटेल होतं. मालक पाणी द्यायला तयार नव्हता. पाणी तो लांबून गाडीनं आणवत होता. मी त्याला खरं काय ते सांगितलं, माझ्या चुकीसकट. बहुधा त्या चुकीच्या बदल्यात त्यानं रॉकेलचा एक जुना डबा भरून दिला. सायकलच्या दांडीवर डबा धरून मी परत निघालो. चेन दोनदा पडली. पोचलो तेव्हा अर्ध्याच्या खाली पाणी उरलं होतं आणि माझी विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. दुष्काळात ओली विजार घालून हिंडणारा त्या मुलखात मी एकटाच असेन.

म्हाताऱ्यानं आधी हुंगून बघितलं. "घासलेट हाय."

"धुतलाय म्हणाला तो."

त्यानं ओंजळीनं बसलेल्या बैलाच्या तोंडावर पाणी मारलं, मग नाकाखाली डबा धरला. बैलानं जीभ बुडवली, दोन-तीन घोट ओढले, आणि मान जमिनीवर ठेवली. उरलेलं पाणी म्हाताऱ्यानं उभ्या बैलाला पाजलं. वेळ लावला नाही. कुणाला पाणी घालायचं आणि कुणाला आता घालून उपयोग नाही, हे त्यानं ठरवलं तेव्हा त्याच्या तोंडावरची एक रेघही हलली नाही.

आम्ही बसून राहिलो. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "किती वर्षांचा?"

"आठ दाताचा झाल्याला चार वरसं झाली." म्हणजे आठ-नऊ वर्षांचा. मग त्याच्या मानेवर हात ठेवून, "डाव्या अंगाचा. ह्यो उजव्या अंगाचा. ह्येला डाव्या अंगाला जुंपला तर पाऊल उचलत न्हाय."

सावल्या लांब होत होत्या तेव्हा मोडक्या शिंगाच्या बैलाच्या पोटाची वरखाली थांबली. म्हाताऱ्यानं हात ठेवून खात्री केली. मग त्याची म्होरकी सोडली, कासरा सोडला, दोन्ही गुंडाळून बंडीच्या खिशात घालू लागला. खिसा लहान होता. कासरा पुन्हा पुन्हा बाहेर येत होता. मी म्हणालो, "आणा, मी सायकलला बांधतो." त्यानं दिला नाही.

परत येताना मी सायकल ढकलत मागं चालत होतो. पुढं म्हातारा आणि एक बैल. बैल सारखा डावीकडं सरकायचा. तिकडं जोडीदार नसला की त्यांना वाट रुंद वाटत असावी. मला बोलायचा रोग आहे, गप्प राहिलो की गुदमरतो. पण त्या चार कोसांत मी तोंड उघडलं नाही. दोनदा वाटलं की सगळा दोष चेअरमनच्या कानडीवर घालावा. म्हाताऱ्याला चेअरमनशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं विचारलं होतं मला, आणि सांगितलं होतं मी.

रात्री चांदण्यात वस्तीवर पोचलो. म्हातारी खडीवरून आल्यापासून दारातच उभी असावी, हातोडा अजून हातातच. तिनं आधी म्हाताऱ्याकडं बघितलं, मग बैलाकडं, मग आमच्या मागच्या रिकाम्या वाटेकडं. बैल छावणीतून परत कसा आला हा प्रश्न तिला पडला असणार, पण तिनं तो विचारला नाही.

"दुसरा?" एवढंच म्हणाली.

"ऱ्हायला तिकडं," म्हातारा म्हणाला.

तिनं हातोडा खाली ठेवला. घरात पाण्याची एक बादली होती. दिवसभराच्या त्या दोघांच्या पाण्यातून वाचवलेली. ती आणून तिनं बैलापुढं ठेवली, आणि तो पीत असताना त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली.

मंगळवार शेवटचा दिवस होता. सकाळी मी कुणी न बोलावता वस्तीवर गेलो आणि म्हाताऱ्याबरोबर चालू लागलो. त्यानं या म्हटलं नाही की नको म्हटलं नाही. मधे एका ठिकाणी बैल थांबला तेव्हा आम्ही दोघांनी दोन्हीकडून खांदे लावून त्याला चढावर घेतलं. तलावाखालच्या छावणीच्या तोंडाशी एक कारकून टेबल टाकून बसला होता. म्हाताऱ्यानं बंडीतून घडी काढून दिली. ती सोसायटीची चिठ्ठी होती. रविवारी संध्याकाळी मीच लिहून दिलेली. 'बैल जोडी, नग दोन.' 'जोडी'तला 'ज' छान आला होता.

"दुसरा बैल कुठंय?" कारकुनानं विचारलं.

"ह्यांनला इचारा," म्हातारा म्हणाला.

कारकून माझ्याकडं बघू लागला. "मेला," मी म्हणालो. "काल."

"मग दुरुस्ती करा अन् सही करा. चिठ्ठी तुमच्या सोसायटीची आहे, मला सहीशिवायची खाडाखोड चालत नाही." त्यानं टाक पुढं केला. मी 'जोडी, नग दोन' खोडून 'एक' लिहिलं. खाली सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

त्यानंतर बोर्डाचं मी पुष्कळ काही केलं. चेअरमनना न विचारता सोळा कागद काढले. कानडी ऐकून घेतलं. ताजा कागद ओळखू यावा म्हणून त्याच्या डोक्यावर रोज कडुलिंबाची डहाळी खोचू लागलो. गावात हिरवं तेवढंच उरलं होतं. पहिल्याच दिवशी शेळ्यांनी डहाळी खाल्ली आणि पाठोपाठ कागद. मग गेरूनं टिळा लावून बघितला. पण लोकांचा आता बोर्डावर विश्वास राहिला नव्हता. ते अंगठा लावायचे, टिळा बघायचे, आणि तरी आत येऊन विचारायचे, "खरंच आजचा हाय का?" बाजारात कुणी वांगी ताजी आहेत म्हणालं की गिऱ्हाईक विचारायचं, "ताजी म्हंजे सोसायटीची ताजी का खरी ताजी?" सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या हसण्यात मी सामील झालो नसतो तर लोक अजून हसले असते.

मृगाचा पाऊस झाला आणि पेरण्या आल्या. चांदाचा बैल छावणीतून हाडं घेऊन का होईना परतला होता. पण एका बैलानं तिफण चालत नाही. आमच्याकडं अशा वेळी सावड करतात. एकेक बैलवाले दोघं एकत्र येतात, आधी एकाचं रान पेरायचं, मग दुसऱ्याचं. म्हाताऱ्याला जोडीदार मिळाला, त्याचा बैलही डाव्या अंगाचा निघाला, पण त्याचं रान मोठं. त्याचं संपून याची पाळी येईपर्यंत याच्या जमिनीतली ओल उडून जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. ओल गेली की बी मातीत घालून उपयोग नसतो. दुष्काळानंतरचं पहिलं पीक, आणि ते हातचं जाणार.

एके सकाळी मी वस्तीवर गेलो. म्हातारा आणि म्हातारी बांधावर बसली होती. जोडीदाराच्या रानात न्यायचा बैल बाजूला उभा, तिफण आडवी टाकलेली. शेजारच्या रानातून पेरणाऱ्यांच्या हाका ऐकू येत होत्या. म्हाताऱ्यानं माती उकरून मुठीत दाबली, मूठ उघडली. ढेकूळ मधूनच फुटलं. त्यानं ते तसंच खाली सोडलं.

मी काय बोलायचं ते वाटेत चारदा घोकून आलो होतो. ते सगळं विसरलो.

"आबा," मी म्हणालो, "मला लावा की जुवाला. डाव्या अंगाला. एवढं रान होईल दोन दिवसांत. मी ओढतो."

मी थट्टा करत नव्हतो. त्या वर्षी माणसांनी तिफणी ओढलेल्या मी बघितल्या होत्या. माझ्या अंगात कसही होता तेव्हा. म्हातारा बैलाकडं बघत राहिला. वाटलं, तो हो म्हणेल.

म्हातारीनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"जुंपलं आसतं रं बाबा," ती म्हणाली. "पर बैलाला अक्कल लागती."